आधी विचारा, निगेटिव्ह कुठं आहे?

मागच्या अंकात एका उत्तराच्या ओघात मी लिहून गेले की आवडत्या जुन्या सिनेमांच्या चांगल्या प्रतीची वाट बघण्यात माझीही बरीच वर्षं गेली. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की हे अख्खं सदर या खेपेला त्यांनाच देते आहे. नव्या वाचकांसाठी सांगते, मी सव्वीस वर्षं फिल्म लॅबमध्ये निगेटिव्ह कटिंग केलं. संपादकानं रश प्रिंटवर, म्हणजे कामापुरत्या काढलेल्या प्रतीवर, कापलेला सिनेमा समोर ठेवायचा, फिल्मच्या काठावरचे एज नंबर जुळवायचे आणि तोच सिनेमा मूळ निगेटिव्हमध्ये कापून, सिमेंटनं जोडायचा. रश प्रिंट चुकली तर दुसरी काढता येते. निगेटिव्हवर चाललेली कात्री मागे घेता येत नाही. त्यामुळे कुठल्याही सिनेमाचं नाव निघालं की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो तो हाच: त्याची निगेटिव्ह कुठं आहे, आणि कशी आहे?

ताई, माझ्याकडे एका कृष्णधवल सिनेमाची २००३ साली घेतलेली डीव्हीडी आहे. पुढे तोच सिनेमा 'डिजिटली रिमास्टर्ड' म्हणून घेतला, मग 'विशेष आवृत्ती' म्हणून, आणि शेवटी ब्लू-रे म्हणून. दर वेळी वेष्टन नवं आणि आत तेच धुरकट चित्र. आता ४केची घोषणा झाली आहे. पुन्हा फसायचं नसेल तर काय बघायचं?
*एक शिक्षिका*

आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? डिस्क हा पोहरा आहे. तुम्ही तीन वेळा पोहरा बदललात, पण पाणी त्याच आडातून आलं.

कॅमेऱ्यातून जी फिल्म प्रत्यक्ष गेली ती मूळ निगेटिव्ह. तिच्यावरून मास्टर पॉझिटिव्ह काढतात, मास्टरवरून डुप निगेटिव्ह, आणि डुपवरून थिएटरात जाणाऱ्या प्रिंट. एकेक पायरी उतरताना थोडाथोडा तपशील गळतो. सावलीतला कोट आणि मागची भिंत एकच काळा डाग होतात, चेहऱ्यावरचा उजेड पांढराफटक होतो. डीव्हीडीचा जमाना सुरू झाला तेव्हा अनेक सिनेमे घाईघाईनं टेलिसिनेवर, म्हणजे फिल्मचं व्हिडिओ करणाऱ्या यंत्रावर, चढवले गेले, आणि त्यासाठी हाताशी असलेली कुठलीही प्रिंट चालवून घेतली गेली. डीव्हीडीत ओळीच ५७६ किंवा ४८०, त्यात ते खपून गेलं. ब्लू-रेवर १०८० ओळी आल्या, ४केवर २१६०. पण मास्टर, म्हणजे डिस्क जिच्यावरून काढतात ती व्हिडिओ प्रत, जुनीच असेल तर वाढीव ओळींत नवं काही भरत नाही, होता तोच धूर जास्त जागा घेऊन पसरतो.

'रिमास्टर्ड' या शब्दावर विसंबू नका. त्याला ठरलेला अर्थ नाही. कुणी फक्त कॉन्ट्रास्ट वाढवलं तरी तो शब्द छापता येतो. मी वेष्टनाच्या मागची बारीक अक्षरं वाचते आणि तीन गोष्टी शोधते. स्कॅन कशावरून केलं, मूळ निगेटिव्ह, मास्टर पॉझिटिव्ह की प्रिंट? स्कॅन कुठल्या साली झालं? आणि रंग-उजेड ठरवताना जवळ कोण बसलं होतं, छायाचित्रकार, दिग्दर्शक, की ताडून बघायला एखादी जुनी संदर्भ-प्रिंट? ज्यांनी खरंच निगेटिव्ह बाहेर काढून स्वच्छ करून स्कॅन केली, ते ही गोष्ट लपवत नाहीत, पहिल्या ओळीत छापतात. त्या जागी नुसती विशेषणं असतील तर थांबा.

थांबल्याचं फळ मिळतं याचं एक उदाहरण मला फार आवडतं. 'माय फेअर लेडी' हा १९६४ चा सिनेमा ६५ मिलिमीटर फिल्मवर चित्रित झाला, म्हणजे नेहमीच्या ३५ मिलिमीटरच्या कितीतरी पट मोठी चौकट. असा सिनेमा २०११ मध्ये ब्लू-रेवर आला तो जुन्या मास्टरवरून. चित्र सपाट, मऊ. चाहत्यांनी तक्रारी केल्या, करत राहिले. मग रॉबर्ट हॅरिस या अनुभवी जीर्णोद्धारकाच्या देखरेखीखाली ८केमध्ये नवं स्कॅन झालं आणि २०१५ मध्ये नवी आवृत्ती आली. सिनेमा तोच, डिस्कचा प्रकार तोच, ओळी तेवढ्याच १०८०. फरक पडला तो कुणीतरी आडापर्यंत गेल्यामुळे. म्हणून तुमच्या ४केच्या घोषणेत '४के' हा शब्द सगळ्यात शेवटी वाचा.

नमस्कार. मोठ्या हौसेनं एका जुन्या सिनेमाची ४के डिस्क आणली. चित्रभर मुंग्या! आकाशात तर नुसती वळवळ. मुलगा म्हणतो डिस्क खराब निघाली, परत करा. माझी जुनी डीव्हीडी यापेक्षा गुळगुळीत होती. काय करू?
*एक गृहस्थ*

परत करू नका. मुलाला शेजारी बसवा आणि हे उत्तर दोघं मिळून वाचा.

टीव्हीवर मुंग्या दिसायच्या त्या सिग्नल नसताना. तुम्हाला दिसतो आहे तो ग्रेन, आणि त्याच्याशिवाय फिल्मवर चित्रच नसतं. कृष्णधवल फिल्मच्या थरात चांदीच्या क्षाराचे सूक्ष्म कण असतात. उजेड लागलेले कण डेव्हलपरमध्ये काळी चांदी होऊन राहतात, उरलेले धुऊन जातात. जे राहिलं तेच चित्र. रंगीत फिल्ममध्ये त्या चांदीभोवती रंगाचे ठिपके तयार होतात आणि चांदी पुढच्या रसायनात काढून घेतली जाते. म्हणजे कणांच्या खाली कुठं वेगळं, स्वच्छ चित्र दडलेलं नाही. आणि सेकंदाला चोवीस चौकटी जातात, प्रत्येकीत कणांची मांडणी निराळी, म्हणून आकाश स्थिर असूनही हलतं.

मी कामाला लागले त्या पहिल्या महिन्यात आमच्या ज्येष्ठ कटर बाईंनी मला लाइट बॉक्सवर एक तुकडा ठेवून दाखवला होता. एका म्हातारीच्या चेहऱ्याचा क्लोज-अप. निगेटिव्ह, त्यामुळे पांढरे केस काळेभोर आणि बुबुळं पांढरी. म्हणाल्या, भिंग लाव. भिंग अगदी टेकवलं तेव्हा चेहरा नाहीसा झाला, नुसती भुकटी उरली. भिंग हळूहळू वर घेतलं तशी त्याच भुकटीतून डोळ्याच्या कोपऱ्यातली सुरकुती जमून आली. मी ते तीनचार वेळा करून पाहिलं. सुरकुती वेगळी आणि भुकटी वेगळी अशी फोड मला करता आली नाही.

ती फोड सॉफ्टवेअरलाही नीट करता येत नाही. ग्रेन पुसायला सांगितलं की ते सुरकुतीही पुसतं, कोटाची वीणही, दाढीचे खुंटही. माणसं मेणाची दिसू लागतात. 'पॅटन' या १९७० च्या युद्धपटाचं २००८ साली ब्लू-रेवर असंच झालं. तोही मोठ्या फिल्मवरचा, तपशिलानं भरलेला सिनेमा, आणि चेहरे असे की इस्त्री फिरवली असावी. बोलणाऱ्यांनी बोलायचं सोडलं नाही, आणि २०१२ मध्ये ग्रेन शाबूत ठेवून तो पुन्हा काढला गेला. तुमची डीव्हीडी गुळगुळीत होती कारण तिच्या ओळींत ग्रेन मावतच नव्हता. त्याबरोबर काय काय मावलं नव्हतं ते आता दोन्ही डिस्क पाठोपाठ लावून बघा.

एक शक्यता मात्र तपासून घ्या. कण बारीक आणि सतत बदलते असतील तर ते फिल्मचे. ते चौकोनी ठोकळ्यांसारखे गोठलेले, जागच्या जागी चिकटलेले दिसत असतील, तर डिस्क बनवताना कॉम्प्रेशन नीट झालेलं नाही, आणि तशी तक्रार जरूर करा. त्याआधी टीव्हीचं 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' मोड लावा, शार्पनेस खाली आणा, हालचाल मऊ करणारी आणि नॉइज कमी करणारी सेटिंग बंद करा. शार्पनेस वाढवून ठेवलेला टीव्ही चांगल्या ग्रेनलाही वाळू करतो.

मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकतो. जुन्या प्रतीवरूनच एआय वापरून ४के करता येत असेल तर लोक निगेटिव्ह शोधत का बसतात? वर्षानुवर्षं वाट बघण्यापेक्षा ते बरं नाही का?
*एक विद्यार्थी*

तुझा प्रश्न रास्त आहे आणि तुझ्या विद्येचं या कामात मोलाचं स्थान आहे, हे आधी सांगते. धूळ, ओरखडे, फाटलेल्या चौकटी, थरथर, हे सगळं आता संगणकावर निघतं आणि फार सुंदर निघतं. जुन्या टेक्निकलर कॅमेऱ्यात एकाच वेळी तीन कृष्णधवल निगेटिव्ह धावायच्या, तीन मूळ रंगांच्या तीन. वर्षांगणिक त्या तिन्ही वेगवेगळ्या आकसल्या. एकमेकींवर ठेवल्या की ओठांची लाली ओठांबाहेर जायची. आज त्या चौकटीमागून चौकट अशा जुळवता येतात, हे काम आमच्या काळात कुणाच्या हातून झालं नसतं.

पण जुळवणं आणि पुसणं एक, आणि जे नव्हतंच ते काढणं वेगळं. धूसर प्रतीत पापणी दिसत नाही. तुझं मॉडेल हजारो पापण्या बघून तिथं एक पापणी बसवेल. ती त्या नटीची नसेल. 'द अबिस' आणि 'ट्रू लाइज' या दोन सिनेमांच्या चांगल्या प्रतीसाठी चाहते डीव्हीडीच्या काळापासून थांबले होते, ब्लू-रेही निघाली नव्हती. २०२४ मध्ये दोन्ही ४के डिस्कवर आले. त्यातल्या 'ट्रू लाइज'वर अशी प्रक्रिया केलेली उघड दिसते, गाल गुळगुळीत आणि त्यांच्या कडा धारदार. इतकी वर्षं थांबलेल्या माणसाला हे मिळावं याचं मला मनापासून वाईट वाटलं. हे वाट बघणं संपवणं नव्हे. आता नव्यानं वाट बघायची.

तू पुढे या क्षेत्रात आलास तर एक गोष्ट कर. आधी आणि नंतर, दोन्ही चौकटी जपून ठेव आणि काय बदललं ते लिहून ठेव. पुढच्या माणसाला मागे जाता आलं पाहिजे.

एवढा मोठा टीव्ही घेतला, पण जुन्या सिनेमांना कधी वर-खाली, कधी डाव्या-उजव्या बाजूला काळ्या पट्ट्या. चित्र पूर्ण पडदाभर का देत नाहीत?
*एक वाचक*

तुमचा पडदा १६:९ आहे, म्हणजे उंची १ तर रुंदी १.७८. बोलपटांच्या पहिल्या दोन दशकांतली चौकट १.३७ ची, १९५३ नंतरचे सिनेमास्कोप २.३५ च्या आसपास. पट्ट्या काढायच्या तर चित्र कापावं लागेल किंवा ताणावं लागेल. फरक अगदी थोडा असला तरी तो महत्त्वाचा आहे. 'बॅरी लिंडन' २०११ मध्ये ब्लू-रेवर १.७८ मध्ये आला तेव्हा केवढा वाद झाला. दिग्दर्शक क्युब्रिकनी प्रोजेक्शनिस्टांना लिहिलेलं पत्र पुढे आलं, त्यात १.६६ लिहिलेलं होतं, आणि २०१७ च्या आवृत्तीत तेच प्रमाण घेतलं गेलं. पट्ट्या राहू द्या. खोलीतला दिवा मालवलात की त्या दिसायच्या थांबतील.

ताई, सतराव्या वर्षी थिएटरात पाहिलेला एक रंगीत सिनेमा माझ्या मनात सोनेरी आहे. नवी प्रत आली ती निळसर-हिरवी. माझी आठवण खोटी, की डिस्क खोटी?
*एक चाहती*

दोन्ही खऱ्या असू शकतात, आणि दोन्ही चुकू शकतात. या प्रश्नाचं छापील उत्तर माझ्याकडे नाही, पण कामातलं सांगते.

निगेटिव्हमध्ये सिनेमाचे रंग 'ठरलेले' नसतात. ते प्रिंट काढताना ठरतात. आमच्या शेजारच्या खोलीत ग्रेडर बसायचे. प्रत्येक शॉटला लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे द्यायचे, ० ते ५० मधले, आणि २५ म्हणजे मध्य. आकडे इकडचे तिकडे झाले की संध्याकाळची दुपार होते. ती आकड्यांची पट्टी डब्यात राहिली तर पुढच्याला कळतं, हरवली तर नव्यानं अंदाज. त्यात तुम्ही पाहिलेली प्रिंट कुठली? ऐंशीच्या दशकाच्या आरंभाआधीच्या बहुतेक ईस्टमनकलर प्रिंट विटतात. निळा-हिरवा आधी जातो, पिवळाही फिका होतो, आणि शेवटी सगळं गुलाबी. विटू लागलेली प्रिंट काही काळ उबदार दिसते. शिवाय प्रोजेक्टरमध्ये कार्बनचा दिवा होता की झेनॉनचा, यानंही पडद्यावरच्या पांढऱ्याचा रंग बदलतो. टेक्निकलरच्या डाय-ट्रान्सफर, म्हणजे रंग छापून काढलेल्या, प्रिंट मात्र सहसा विटत नाहीत, म्हणून जीर्णोद्धार करणारे अशी एखादी जुनी प्रिंट मिळाली तर ती संदर्भाला घेतात. तुमच्या सिनेमाच्या बाबतीत तशी प्रिंट वापरली का, एवढं माहितीपत्रकात शोधा.

आता डिस्कची बाजू. कधीकधी रंग खरंच बदलले जातात, आणि तेही खुद्द दिग्दर्शकाच्या हातून. 'द फ्रेंच कनेक्शन' २००९ मध्ये ब्लू-रेवर आला तेव्हा दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिन यांनी रंग उडवून, वर फिका रंग पसरवून त्याचं रूपच पालटलं होतं. छायाचित्रकार ओवेन रॉइझमन यांनी उघडपणे नापसंती सांगितली. २०१२ मध्ये सिनेमा पुन्हा निघाला, मूळच्या जवळ जाणारा. दिग्दर्शकाला आपल्या कामाकडे परत जावंसं वाटणं मी समजू शकते. पण लोकांनी थिएटरात जो सिनेमा पाहिला, ज्यावर जीव जडला, तो मिळेनासा होणं मला मान्य नाही. १९७७ च्या 'स्टार वॉर्स'चंच बघा. १९९७ मध्ये त्यात नवी दृश्यं भरली. मूळ आवृत्ती २००६ मध्ये डीव्हीडीच्या जोड-डिस्कवर दिली ती डीव्हीडीआधीच्या लेझरडिस्कच्या काळातल्या मास्टरवरून, आणि पुढच्या ब्लू-रे संचांत बदललेलीच आवृत्ती आली. पहिल्या दिवशी रांगेत उभ्या राहिलेल्यांनी जे पाहिलं तेच परत मागणारे लोक हट्टी आहेत असं म्हणतात. मी त्यांच्या बाजूची आहे.

तुमचं सोनेरी मात्र कागदावर उतरवा. कुठल्या दृश्यात, कशावर होतं ते सोनं? भिंतीवर, कातडीवर, की आभाळात? भिंत पांढरी असायला हवी आणि पिवळी आठवते, तर प्रिंट. फक्त दिव्याच्या उजेडात बसलेले चेहरे सोनेरी आठवतात, तर बहुधा डिस्क चुकली.

सगळं ऑनलाइन मिळतं. डिस्क ठेवाव्यात का?
*एक वाचक*

ठेवा. ४के डिस्कवरून सेकंदाला शंभराहून अधिक मेगाबिटपर्यंत माहिती येऊ शकते, ऑनलाइन ४केला सहसा पंधरा-पंचवीस मिळतात, आणि त्यात सगळ्यात आधी बळी जातो तो ग्रेन. शिवाय जुन्या डिस्कवरचा मूळ मोनो आवाज नव्या आवृत्तीत नसतो असं अनेकदा घडतं. नवी प्रत आली तरी आवाज ताडून पाहिल्याशिवाय जुनी कुणाला देऊ नका.

माझं वय अठ्ठ्याहत्तर. एक सिनेमा तरुणपणी थिएटरात पाहिला, पुढे एकदाच टीव्हीवर लागला तेव्हा व्हीएचएसवर टिपून ठेवला. त्याची ना डीव्हीडी निघाली ना काही. दर वर्षी नव्या घोषणा वाचतो, त्यात तो नसतो. ताई, माझ्या हयातीत येईल का?
*एक आजोबा*

आजोबा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन दिवस उत्तर लिहिता आलं नाही. खोटा धीर देणार नाही.

सिनेमा येत नाही त्याची कारणं साधी असतात. निर्माता जातो, वारसांचं एकमत होत नाही. गाण्यांचे करार झाले तेव्हा घरी बघायच्या व्हिडिओचा कुणी विचारच केलेला नसतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे निगेटिव्ह उरलेली नसते. १९५० च्या आसपासपर्यंत फिल्म नायट्रेटची होती, पेटली तर पाण्यानं विझत नाही. नंतरची ॲसिटेटची सहजी पेटत नाही, पण उष्ण आणि दमट जागी ठेवली तर आतून आंबते. मी एकदा एका गोदामातून आलेला डबा उघडला होता. झाकण निम्मं वर आलं आणि व्हिनेगरचा वास थेट डोळ्यांत गेला. आत रीळ होतं, पण त्याचे काठ लाटांसारखे उठलेले, आणि बोट लावलं तिथं थर पापुद्र्यासारखा सुटला. तो वास शेजारच्या डब्यांनाही लागतो, म्हणजे ते आम्ल त्यांचंही आंबणं सुरू करून देतं. त्या दिवशी आम्ही अकरा डबे बाजूला काढले. त्यातून तीन रिळं वाचली.

पण मी उलटंही घडलेलं पाहिलं-वाचलं आहे, आणि ते तुम्हाला सांगायलाच हवं. दिग्दर्शक कार्ल ड्रायर यांच्या १९२८ च्या 'पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क'ची मूळ निगेटिव्ह जळाली होती. १९८१ मध्ये ऑस्लोजवळच्या एका मनोरुग्णालयाच्या कपाटात त्याची पहिल्या आवृत्तीची प्रिंट सापडली. 'मेट्रोपोलिस' १९२७ मध्ये प्रदर्शित झाला आणि लगेच कापला गेला. कापलेला भाग कायमचा गेला असंच सगळे धरून चालले होते. २००८ मध्ये ब्यूनोस आयर्सच्या संग्रहालयात १६ मिलिमीटरची एक प्रत निघाली आणि तिच्यात सुमारे पंचवीस मिनिटं सापडली. २०१० च्या आवृत्तीत ती घातली. त्या भागावर ओरखड्यांचा पाऊस आहे, तरी लोकांनी तो डोळे भरून पाहिला.

आणि 'अपू'चे तीन सिनेमे. १९९३ मध्ये लंडनच्या लॅबमध्ये आग लागली आणि सत्यजित राय यांच्या निगेटिव्ह तीत होरपळल्या. जळके, चिकटलेले, ठिसूळ तुकडे कुणीतरी फेकले नाहीत, अमेरिकेतल्या, ऑस्कर देणाऱ्या अकादमीच्या संग्रहात ठेवून दिले. वीस वर्षं. मग ते इटलीत बोलोन्याच्या प्रयोगशाळेत गेले. तिथं ती फिल्म ओलावा देऊन मऊ केली गेली, वितळलेले जॉइंट आणि टेप सोडवले, काठाची तुटलेली पर्फोरेशन, म्हणजे भोकं, हातानं बांधली. जवळजवळ हजार तास हातकाम झालं. 'पथेर पांचाली'चा सुमारे चाळीस टक्के आणि 'अपराजितो'चा साठ टक्क्यांहून जास्त भाग त्या मूळ निगेटिव्हवरूनच मिळाला. 'अपूर संसार'ची रिळं वापरण्याजोगी राहिली नव्हती, तिथं जगात इतरत्र जपलेल्या मास्टर आणि डुप कामी आल्या. २०१५ मध्ये ते सिनेमे लोकांसमोर आले. मी 'पथेर पांचाली' पाहायला बसले तेव्हा सुरुवातीची काही मिनिटं मला गोष्ट दिसतच नव्हती. प्रत्येक कटला वाटायचं, हा जॉइंट कुणाच्या तरी हातमोज्यांतल्या बोटांनी सोडवला आहे.

तुमच्या सिनेमाचं काय होईल ते मी सांगू शकत नाही. पण तुमच्याकडे त्याची टेप आहे, आणि ती क्षुल्लक समजू नका. १९६० च्या दशकातल्या 'डॉक्टर हू' मालिकेचे हरवलेले भाग आज ऐकता येतात ते घरी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर धरून बसलेल्या प्रेक्षकांमुळे. टीव्हीवर त्या रात्री लागलेली प्रिंट कुठली होती, किती लांबीची होती, तिच्यात एखादा प्रसंग जास्तीचा होता का, हे आज फक्त तुमच्या कपाटात आहे.

तर आजच एवढं करा. कॅसेटच्या पाठीवरची छोटी प्लॅस्टिकची पट्टी शाबूत असेल तर मोडून टाका, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरं काही टिपलं जाणार नाही. खिडकीतून आत बघा. टेपच्या काठावर पांढरी बुरशी दिसली तर अजिबात चालवू नका, जाणत्या माणसाकडे न्या. नसेल, तरी 'बघू या लागते का' म्हणून घरी लावू नका. पहिल्यांदा चालेल तेव्हाच तिचं डिजिटल रेकॉर्डिंग होत असलं पाहिजे, कारण जुनी टेप दुसऱ्यांदा तितकीच चांगली चालेल याची खात्री नसते. तोवर ती उभी ठेवा, स्पीकरपासून लांब. वेष्टनावर आठवेल तसं वर्ष आणि चॅनेल लिहा. आणि रेकॉर्डिंग करणाऱ्याला बजावून सांगा की मधल्या जाहिराती, आधीच्या बातम्या, काहीही कापायचं नाही. पुढे कुणी शोधत आलं तर तारीख त्यांच्यावरूनच लागेल.